सातबारा, सोयरीक आणि समलिंगी माणूस

समलैंगिकता समाजाने स्वीकारावी का, असं प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने भारतात 2014 साली विचारलं तेव्हा 15 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. 2019 साली हेच प्रमाण 37 टक्क्यांवर गेलं. 2023 साली याच संस्थेने समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याची मान्यता असावी का, असं विचारलं, तर 53 टक्के बाजूने आणि 43 टक्के विरोधात निघाले. यातल्या पहिल्या दोन पाहण्यांच्या मधे, 2016 साली, सीएसडीएस-लोकनीतीच्या देशव्यापी पाहणीत 15 ते 34 वयोगटातल्या 61 टक्के मुलामुलींनी असे संबंध चुकीचे ठरवले होते. तरुण पिढी बदलली, असं आपण सहज म्हणून टाकतो. हा शेवटचा आकडा तरुण पिढीचाच आहे.

आकड्यांतली ही ओढाताण पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघालं की प्रत्यक्ष दिसते. मुळशी तालुक्याच्या एका अंगाला हिंजवडी, माण, मारुंजीचं आयटी पार्क आहे. तिथल्या कंपन्यांमध्ये जून महिन्यात इंद्रधनुषी झेंडे लागतात आणि काही ठिकाणी समलिंगी जोडीदाराचं नाव आरोग्य विम्यात घालता येतं. लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं आहेत. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर 1997 पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे देशोदेशींची मुलं एकत्र राहतात आणि लैंगिकतेवर आपल्याकडच्या पदवीधरांपेक्षा मोकळेपणाने बोलतात. भूगाव-पिरंगुटचे कारखाने मागे टाकून मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे गेलं की भातखाचरांची, कुलदैवतांची आणि भावकीची गावं लागतात. हे सगळं एकाच तालुक्यात आणि एकाच तहसीलदाराच्या हाताखाली आहे.

अशा पाहण्यांच्या अहवालांत कारणांची यादी ठरलेली असते. शिक्षण, वय, धर्म, शहरात की खेड्यात वास्तव्य आणि ओळखीत कुणी समलिंगी आहे का. ही यादी चुकीची नाही. पण मुळशीसारख्या ठिकाणी ती लावून पाहिली की काही तरी निसटतं. आयटीत काम करणारा, महिन्याला लाखभर पगार घेणारा इंजिनिअर ऑफिसातल्या समलिंगी सहकाऱ्यासोबत रोज जेवतो. त्याच्या सख्ख्या भावाबद्दल तोच प्रश्न उभा राहिला की तो गावातल्या चुलत्यासारखाच बोलायला लागतो. शिक्षण तेच, वय तेच आणि माणूसही तोच. मग मत कशाने फिरलं?

माझं म्हणणं असं की आपल्याकडे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांबद्दलचं मत डोक्यात कमी आणि घराच्या व्यवस्थेत जास्त घडतं. लग्न, वाटणी, सोयरीक, भावकी यांच्या गणितात हा माणूस कुठे बसतो, यावर त्याचा स्वीकार ठरतो. धर्म, कायदा, शिक्षण आणि सिनेमा यांचाही परिणाम होतो, पण तो बहुतेक वेळा या व्यवस्थेतून गाळून होतो.

स्थळासाठी फिरणारा साधा बायोडाटा घ्या. वर गणपतीचं चित्र, मग नाव, जन्मवेळ, रास, शिक्षण, नोकरी, उंची आणि रंग. त्याखाली खरा मजकूर सुरू होतो: वडील, काका, मामांचं कुळ आणि गाव, भाऊ विवाहित की अविवाहित, बहिणी कुठे दिल्या, शेती किती, पुण्यात फ्लॅट आहे का. एका माणसाची ओळख सांगायला घेतलेला कागद दहा जणांची हमी मागतो. घरात एखादा मुलगा पस्तिशीला येऊनही अविवाहित असेल तर त्याच्या धाकट्या बहिणीच्या बायोडाट्यातली एक ओळ अवघड होते. ‘मोठा भाऊ अविवाहित’ एवढंच लिहिलं तरी समोरून फोन येतो: का बरं? आईबाप आपल्या मुलाला हाकलून देतात तेव्हा त्यामागे नेहमी द्वेष असतोच असं नाही. पुष्कळदा मागे राहिलेल्या मुलीच्या लग्नाची धास्ती असते. त्यामुळे हाकलणं क्षम्य होत नाही, पण ते कशाने थांबेल हे शोधायचं तर ही धास्ती ओळखावी लागेल. केवळ प्रबोधनाच्या व्याख्यानाने ती जात नाही.

दुसरं म्हणजे जमीन. मुळशीला जमिनीची आठवण फार खोल आहे. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा इथे दिली गेली. पुढे हिंजवडी वाढली, लवासा आलं, बंगल्यांचे प्लॉट पडले आणि गुंठ्याला सोन्याचा भाव आला. महाराष्ट्राने 1994 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, 2005 साली तो देशभर आला. कायद्याने बहीण वाटेकरी झाली आणि गावोगाव हक्कसोड पत्रांवर सह्या घेतल्या जाऊ लागल्या. लग्न होऊन गेलेली बहीण भाऊबीजेच्या नात्याखातर सही करते, निदान तिच्याकडून तशी अपेक्षा असते. लग्नच न करता दुसऱ्या बाईसोबत राहू पाहणारी मुलगी मात्र कुठेच ‘दिली’ जात नाही. तिचं नाव सातबाऱ्यावर राहतं. तिच्या पश्चात काय होणार, ती मैत्रीण कोण आणि तिचा काय संबंध, हे प्रश्न भावकीला तिच्या शयनगृहापेक्षा जास्त सतावतात. समलिंगी स्त्रियांबद्दल गावात उघड शिवीगाळ कमी ऐकू येते, म्हणून त्यांना विरोध कमी आहे असं समजायचं कारण नाही. त्यांच्याबाबतीत बोलायची गरजच पडत नाही, कारण लग्न परस्पर लावून मोकळं होता येतं.

पुरुषांच्या बाबतीत एक वेगळंच वळण आलं आहे. खेड्यातल्या मुलांना मुली मिळेनात, ही महाराष्ट्राची आजची मोठी सल आहे. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. गावात तिशी ओलांडलेले पाचपंचवीस अविवाहित असले की त्यांच्यात एखादा समलिंगी सहज लपून जातो. ‘जमीन कमी, नोकरी नाही, मुलगी मिळाली नाही’ हे उत्तर तयार असतं. हा आडोसा त्याला जगू देतो, पण त्याची ओळख कुणालाच होऊ देत नाही. ओळखच नसलेल्या माणसाबद्दलचं मत बदलणार कसं?

या साऱ्याला ‘खेड्यातला मागासपणा’ म्हणणं सोपं आहे. तसं म्हणायची सोय केंद्र सरकारनेही घेतली. 2023 साली समलिंगी विवाहाच्या याचिकांना विरोध करताना, ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असं सरकारने सर्वोच्च न्यायालयात म्हटलं. त्यावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिलं की ही गोष्ट शहरी नाही आणि उच्चभ्रूंचीही नाही. मुळशीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये. मुंबईच्या डबेवाल्यांतले अनेक जण मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. पिढ्यान् पिढ्या इथले बाप्ये मुंबईत खोल्या भाड्याने घेऊन एकत्र राहिले आणि सणाला, लावणीला गावी आले. इथलं गाव कधी निव्वळ गाव नव्हतंच.

मर्दानगीचा भाग वेगळा काढून पाहायला हवा, कारण समलिंगी पुरुषाविरुद्धची खरी धार तिथे आहे. तालीम, कबड्डी, बैलगाडा शर्यत, दहीहंडीचं मंडळ, गळ्यात सोनं आणि बुलेट. पोरगा हळू बोलला, बहिणींसोबत रमला की त्याला ‘बायल्या’ ठरवायला गावाला दोन मिनिटं लागतात. तो समलिंगी असो वा नसो, शिक्षा तीच. तमाशापटांत नाच्या रंगवणारे थोर नट गणपत पाटील यांची कहाणी अनेकांनी लिहिली आहे. पडद्यावरची भूमिका लोकांनी खरी मानली आणि संसारी, लेकुरवाळ्या या माणसाला व त्याच्या कुटुंबाला आयुष्यभर टोमणे सोसावे लागले. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपावर भाळलेला, त्यांची साडी आणि चाल घराघरांत नेणारा हाच महाराष्ट्र. रंगमंचावरचं बाईपण चालतं, शेजारच्या घरातल्या पुरुषाचं चालत नाही.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. यल्लमा देवीला वाहिलेले जोगते कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या पट्ट्यात परडी घेऊन दारात येतात तेव्हा त्यांच्या पायावर पाणी घालतात. बाळाच्या बारशाला, नव्या दुकानाच्या पूजेला हिजड्यांचा आशीर्वाद लागतो. त्याच माणसाने भाड्याने खोली मागितली तर मिळत नाही. देवाच्या आणि शुभकार्याच्या जागी त्यांना मान आहे, घरमालकाच्या दारी नाही. धर्माचा परिणाम सरळ एका दिशेने होत नाही, तो असा. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशात 2015 साली सार्वमतात 62 टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली आणि खेड्यांतल्या मतदारसंघांपैकी फक्त एकाच ठिकाणी ‘नको’ला बहुमत मिळालं. चर्च होतं तिथेच होतं. बदल झाला तो आईबापांनी आपल्या मुलांबद्दल उघड बोलायला सुरुवात केल्यावर.

आपल्याकडेही पद मिळालं की नजर बदलते, याचे दाखले आहेत. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट मतदानाने सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत 2021 साली अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज आधी नाकारला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, हक्क मिळवला आणि निवडून आल्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं, मग पुणे महापालिकेने. पालिकेच्या दारात गणवेशात उभा असलेला माणूस आणि सिग्नलवर टाळी वाजवणारा माणूस एकच असला, तरी लोक त्याच्याशी वेगळे बोलतात. पहिल्याकडे काम घेऊन जावं लागतं.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली हेच सूत्र मांडलं होतं. निव्वळ गाठीभेटीने पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काम सामाईक हवं आणि वरच्या सत्तेचा पाठिंबा हवा. हे ध्यानात घेतलं की हिंजवडी आणि लवळ्याचा परिणाम आसपासच्या गावांवर इतका थोडा का, ते कळतं. गावचा माणूस तिथे जातो तो सुरक्षारक्षक, बसचालक, मेसमधला आचारी किंवा सफाई कामगार म्हणून. रंगवलेल्या केसांचा, कानात डूल घातलेला विद्यार्थी त्याला रोज दिसतो. पण तो ‘साहेबांचा’ मुलगा असतो, परक्या जगातला. त्याला पाहून ‘श्रीमंतांची थेरं’ एवढंच मत पक्कं होतं. आपल्या वाडीतलाही कुणी तसा असेल, हे मनात येत नाही. उलट ती थेरं आपल्या पोरांना लागू नयेत, अशी काळजी वाढते. भेट झाली, पण बरोबरीने झाली नाही.

बरोबरीने झालेली भेट काय करते, याची दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी 2016 साली अमेरिकेतल्या मायामीतला प्रयोग प्रसिद्ध केला. कार्यकर्ते दारोदार गेले आणि सुमारे दहा मिनिटं बोलले. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. समोरच्याला स्वतः कधी वेगळं पाडलं गेलं होतं, तो प्रसंग आठवायला सांगितला. तृतीयपंथीयांबद्दलचा पूर्वग्रह त्यातून कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो बदल टिकून होता. दुसरं उदाहरण 2021 सालचं, मद्रास उच्च न्यायालयाचं. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यासमोर दोन मुलींचं प्रकरण आलं तेव्हा, आपल्याला हा विषय समजत नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. ते समुपदेशकाकडे गेले, समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना भेटले आणि मग निर्णय लिहिला. एवढा मोठा माणूस शिकायला बसतो, हे मला त्या निर्णयाइतकंच मोलाचं वाटतं.

कायद्याची वाट दीडशे वर्षांची आहे. इंग्रजांनी आणलेलं कलम 377 लागू झालं 1862 साली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये त्याची नांगी मोडली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ते पुन्हा जिवंत केलं आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्याबाहेर काढले. 2023 साली विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला. निकालाने मनं बदलतात का? अमेरिकेत 2015 च्या विवाह निकालानंतर मार्गरेट टँकार्ड आणि एलिझाबेथ पॅलक यांनी हे तपासलं. लोकांचं स्वतःचं मत लगेच बदललं नव्हतं, पण ‘बाकीचे लोक आता हे मान्य करतात’ ही समजूत बदलली होती. भावकीच्या समाजात ही दुसरी गोष्ट फार मोठी आहे. आपल्याकडे बापाला स्वतःच्या मतापेक्षा लोक काय म्हणतील याचीच धास्ती असते.

कायद्याचा निकाल पुरत नाही, हे मराठीने फार जवळून पाहिलं आहे. नागपूरकडचे कवी आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. रामचंद्र सिरस यांच्या घरात 2010 साली कॅमेरे घेऊन माणसं घुसली. विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि त्यानंतर काही दिवसांतच ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. कोर्टाने न्याय दिला होता. शेजार, घर आणि सहकारी यांतलं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

मराठीत या विषयावर बोलणं नवं नाही, हे ठणकावून सांगायला हवं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर 1934 साली खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आलं. ‘उंबरठा’ चित्रपटात आश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचं कथानक आलं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 सालची. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात 2002 साली समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीत पुस्तकामागून पुस्तक लिहिलं आणि 2011 च्या डिसेंबरात पुण्यातली पहिली अभिमान पदयात्रा काढली. साहित्यात आणि पुण्याच्या पेठांत हा विषय आला. चांदणी चौकाच्या पलीकडे तो पोचवणारी शाळा आपल्याकडे नव्हती. 2007 साली लैंगिकता शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो कार्यक्रम गुंडाळला गेला. ती पोकळी मोबाइलने भरली. त्यात माहिती आहे आणि धोकाही. डेटिंग अॅपवरून भेटायला बोलावून लुटण्याचे गुन्हे पुणे-पिंपरी परिसरात नोंदले गेले आहेत, आणि घरी कळेल म्हणून तक्रार न देणारे त्याहून अधिक असणार. मुलाला डॉक्टरांकडे नेलं तरी काही ठिकाणी ‘लग्न करून द्या, ठीक होईल’ हाच सल्ला मिळतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 साली असल्या ‘बदलण्याच्या’ उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, ही गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला 2025 साली सनडान्समध्ये जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्याची गोष्ट माझ्या म्हणण्याच्या नेमक्या जागी उभी आहे. बाप गेला म्हणून मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. पायात चप्पल नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय, याचं लग्न. गावातला बाळ्या त्याचा लहानपणचा मित्र, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. चित्रपटात कुणी दुष्ट नाही, मारहाण नाही. दुःखाच्या दिवसांतही थांबत नाही अशी लग्नाची चौकशी आहे. आणि एक आई आहे, मुलाला ओळखून असलेली. तिचं शिक्षण फारसं नाही. तिच्या मताला कुठलंही सर्वेक्षण ‘पुरोगामी’ रकान्यात टाकू शकलं नसतं, पण ती मुलाच्या बाजूने उभी आहे.

राजकारणात मुळशीचा एक दुवा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. मुळशी भोर विधानसभेत येतो आणि भोर बारामती लोकसभेत. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 1 एप्रिल 2022 रोजी समलिंगी विवाहाला विशेष विवाह कायद्याखाली मान्यता देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्यांच्या पक्षाने 2020 साली महाराष्ट्रात एलजीबीटी सेलही काढला होता. म्हणजे ताम्हिणीच्या घाटातल्या मतदाराच्या प्रतिनिधीने देशाच्या संसदेत हा प्रश्न नेला, आणि तरी पाणी आणि रस्त्याच्या शेजारी तो कधी गावच्या सभेत आला नाही. तो तिथे आणला पाहिजे. विवाहाचा हक्क मिळाला नसला तरी काही दारं उघडली आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि एकमेकांना नामनिर्देशित करता येतं. पाठोपाठ, रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकच कुटुंब धरावं, असं राज्यांना कळवण्यात आलं. आणि अशी दारं गावातही उघडतात: नेपाळात 2023 च्या नोव्हेंबरात पहिला समलिंगी विवाह नोंदवला गेला तो लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी या ग्रामपालिकेत, काठमांडूत नव्हे.

म्हणून पुढची पाहणी मुळशीत कुणी केली तर ‘समलैंगिकता स्वीकारावी का’ हा प्रश्न त्यांनी शेवटी ठेवावा. आधी विचारावं: तुमच्या चाळीत दोन बायकांना एकत्र खोली द्याल का? अविवाहित मुलीचं नाव सातबाऱ्यावर राहू द्याल का? ज्या घरात असा मुलगा आहे, त्या घरात आपली मुलगी द्याल का? तुमच्या पोराच्या पश्चात त्याच्या जोडीदाराला दहाव्याला बोलवाल का? आणि पौडच्या तहसील कचेरीत दोघं जण एकाच रेशनकार्डाचा अर्ज घेऊन आले, तर त्यांच्यासोबत रांगेत उभं राहणारा भावकीतला एक माणूस तुम्ही असाल का?